‘अब्सर्ड’ म्हणजे नेमकं काय, आणि तो कुठे वापरावा

प्रश्न असा आहे: शब्दकोशात ‘अब्सर्ड’पुढे हास्यास्पद, मूर्खपणाचं, विचित्र, असंगत, अतर्क्य असे बरेच अर्थ एकापाठोपाठ दिलेले असतात. त्यातला खरा कोणता? आणि ‘रिडिक्युलस’ हाताशी असताना हा दुसरा शब्द कशाला लागतो?

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि या शब्दापाशी मी दरवेळी थांबते. शब्दकोशातले ते सगळे अर्थ कुठे ना कुठे लागू पडतात, पण एकही सगळीकडे चालत नाही. म्हणून आधी अर्थांची यादी बाजूला ठेवू आणि शब्दाच्या मुळाशी काय आहे ते पाहू.

माझ्या मते मुळाशी आहे ती विसंगती. दोन गोष्टींचा मेळ बसायला हवा होता, तो बसलेला नाही, आणि हे इतकं उघड आहे की पटवून देण्यासाठी पुरावे मांडायची गरजच पडत नाही. इंग्रजी बोलणारा माणूस ‘धिस इज अब्सर्ड’ म्हणतो तेव्हा त्याला एवढंच म्हणायचं असतं की हे बुद्धीशी जुळत नाही. त्यावर हसू येईल, संताप येईल, खिन्नताही येईल. ते प्रसंगावर अवलंबून आहे. हसू हा या शब्दाचा एक परिणाम आहे, अर्थ नाही.

याला शब्दाच्या इतिहासाचाही आधार आहे. लॅटिनमधला ‘अब्सर्डस’ हा मुळात कानाशी संबंधित शब्द. त्याचा अर्थ बेसूर, सुराला सोडून गेलेलं. रोमन वक्ता सिसरो याच्या लेखनात स्वतःला संगीतज्ञ म्हणवणारा माणूस बेसूर गातो, तिथे हाच शब्द आला आहे. एक सूर एकटा कधीच बेसूर नसतो. दुसऱ्या सुरांच्या शेजारी आला की तो बेसूर ठरतो. सिसरोच्या काळीच हा शब्द गाण्यावरून विचारांकडे वळलेला होता, आणि फ्रेंचमार्गे तो सोळाव्या शतकात इंग्रजीत आला तो मुख्यतः विचारांबद्दल बोलण्यासाठी. त्यातल्या ‘सर्डस’चा अर्थ बहिरा. गणितात करणीला इंग्रजीत ‘सर्ड’ म्हणतात, तोही याच घरातला. अपरिमेय मूळांसाठी अरबी गणितज्ञ ‘बहिरा’ अशा अर्थाचा शब्द वापरत आणि बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्याचं शब्दशः ‘सर्डस’ करून टाकलं.

आता विसंगती म्हणजे काय ते जवळून पाहू. थॉमस नेगल या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1971 साली याच विषयावर एक छोटा लेख लिहिला. त्यातलं एक उदाहरण मला सगळ्यांत उपयोगी वाटतं. एक माणूस सभेत उभा राहून एका ठरावाच्या बाजूने लांबलचक, गुंतागुंतीचं भाषण करतो आहे, आणि तो ठराव आधीच मंजूर झालेला आहे. इथे भाषणात काही दोष नाही, मुद्दे बिनतोड असू शकतात. सभेतही वावगं काही नाही. माणूसही शहाणा आहे. तरी प्रसंग अब्सर्ड आहे, कारण भाषणाचा हेतू आणि समोरची वस्तुस्थिती यांचा एकमेकांशी संबंधच उरलेला नाही. इथे ‘मूर्खपणाचं भाषण’ असं भाषांतर केलं तर वक्त्यावर अन्याय होतो. ‘विचित्र भाषण’ म्हटलं तर वाचक भाषणातच काहीतरी विचित्र शोधत बसेल.

म्हणून वाक्यात हा शब्द दिसला की मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: कशाचा कशाशी मेळ बसत नाहीये? उत्तर सापडलं की मराठी शब्द आपोआप पुढे येतो.

याच प्रश्नाने ‘खोटं’ आणि ‘अब्सर्ड’ यांतला फरकही कळतो. चंद्र पृथ्वीपेक्षा मोठा आहे, हे विधान खोटं आहे. ते खोटं आहे हे कळायला मोजमाप करावं लागतं. अमुक त्रिकोणाला चार बाजू आहेत, हे विधान अब्सर्ड आहे. इथे पट्टी हातात घ्यायचीही गरज नाही. आपल्या दर्शनग्रंथांत ‘वंध्यापुत्र’, म्हणजे वांझेचा मुलगा, हे ठरलेलं उदाहरण येतं, ते याच जातीचं. म्हणूनच ‘अब्सर्ड क्लेम’चं भाषांतर ‘बिनबुडाचा दावा’ असं करू नये. बिनबुडाच्या दाव्याला पुरावा नसतो, पण उद्या तो मिळूही शकतो. अब्सर्ड दावा पुराव्यापर्यंत पोचतच नाही.

आता भावंडं. ‘रिडिक्युलस’ लॅटिनमधल्या हसण्याच्या धातूपासून आला आहे, आणि त्याच्यासाठी मराठीतला ‘हास्यास्पद’ अगदी चपखल आहे. रिडिक्युलस म्हणताना बोलणारा समोरच्या गोष्टीला हसतो, तिची किंमत कमी करतो. अब्सर्ड म्हणताना तो तिला तर्काच्या कसोटीवर नापास करतो. त्यामुळे एखाद्याची टोपी रिडिक्युलसही असू शकते आणि अब्सर्डही, पण एखाद्या युक्तिवादाला चर्चेत उत्तर द्यायचं असेल तर तो अब्सर्ड का आहे हे सांगता येतं. रिडिक्युलस म्हणून टाकलं तर ती नुसती थट्टा होते. ‘लूडिक्रस’ खेळ या अर्थाच्या शब्दापासून आलेला. त्यात विनोदी, पोरकट अशी छटा जास्त आहे. हा शब्द मला लेखी इंग्रजीत जास्त दिसतो.

‘प्रीपॉस्टरस’वर थोडं थांबायला हवं, कारण तो मराठी माणसाला लगेच कळावा असा शब्द आहे. ‘आधी’ आणि ‘नंतर’ या दोन अर्थांचे लॅटिन शब्द एकमेकांना चिकटवून तो बनला आहे: जे मागे असायला हवं ते पुढे आलेलं. आपण ‘आधी कळस मग पाया’ म्हणतो ना, तेच. आजच्या इंग्रजीत क्रमाचा अर्थ पुसट झाला आहे आणि ‘इतकं उफराटं की ऐकवत नाही’ असा संतापाचा सूर उरला आहे. अब्सर्डपेक्षा त्यात आवाज चढलेला असतो. ‘नॉन्सेन्स’ आणि ‘सिली’ हे रोजच्या बोलण्यातले, त्यांचा फार ऊहापोह नको. सिली हा लहान मुलालाही प्रेमाने म्हणता येतो, अब्सर्ड म्हणत नाहीत.

वापराबद्दल काही गोष्टी. पहिली उच्चाराची. आपल्याकडे सर्रास ‘ॲब्सर्ड’ असा उच्चार होतो आणि भार पहिल्या अक्षरावर येतो. इंग्रजीत भार दुसऱ्या अक्षरावर आहे, आणि पहिला स्वर पुसट ‘अ’ आहे. म्हणून मी इथे ‘अब्सर्ड’ लिहिते आहे. मधला ‘स’ काही लोक ‘झ’सारखा उच्चारतात, तेही बरोबर आहे. नाम ‘अब्सर्डिटी’, क्रियाविशेषण ‘अब्सर्डली’.

दुसरी गोष्ट ‘व्हेरी’ची. ‘व्हेरी अब्सर्ड’ चुकीचं नाही, पण कानाला कमकुवत लागतं. विशेषण स्वतःच टोकाचं आहे, त्यामुळे त्याच्यासोबत ‘ॲब्सोल्यूटली’, ‘अटर्ली’, ‘कम्प्लीटली’ असे पूर्णत्व दाखवणारे शब्द शोभतात. मराठीतही आपण ‘खूप अशक्य’ म्हणत नाही, ‘निव्वळ अशक्य’ म्हणतो. लेखी आणि कायदेशीर भाषेत ‘पेटन्टली’ किंवा ‘मॅनिफेस्टली’ अब्सर्ड असं येतं, म्हणजे उघडउघड, सकृद्दर्शनीच.

तिसरी गोष्ट माणसांबद्दल, आणि ती महत्त्वाची आहे. ‘यू आर अब्सर्ड’ आणि ‘यू आर बीइंग अब्सर्ड’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात माणसालाच नाव ठेवलं. दुसऱ्यात फक्त त्याच्या आत्ताच्या वागण्याला. ‘डोन्ट बी अब्सर्ड’ जवळच्या माणसाला म्हटलं तर ते नेमकं आपलं ‘काहीतरीच काय!’ आहे. समोरची व्यक्ती म्हणते, माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला, आणि आपण म्हणतो, छे, काहीतरीच काय! तिथे रागाचा लवलेश नसतो. पण हेच वाक्य वरिष्ठांना किंवा अनोळखी माणसाला म्हटलं तर ते उद्धट होतं. कामाच्या पत्रात असहमती दाखवायची असेल तर माणसाला हात न लावता निष्कर्षाला लावावा: हा नियम असाच लावला तर निष्पत्ती अब्सर्ड होईल, अशा धाटणीचं वाक्य इंग्रजीत सभ्य मानलं जातं आणि ते जास्त परिणामकारकही असतं.

या ‘निष्पत्ती अब्सर्ड होईल’ प्रकाराचं मोठं घर म्हणजे कायदा. तिथे हा शब्द मत म्हणून येत नाही, हत्यार म्हणून येतो. इंग्लंडमध्ये 1857 सालच्या ‘ग्रे विरुद्ध पिअर्सन’ या खटल्यात लॉर्ड वेन्स्लीडेल यांनी एक सूत्र मांडलं, जे पुढे सुवर्ण नियम म्हणून ओळखलं गेलं. दस्तऐवजातल्या शब्दांचा साधा, व्याकरणाला धरून होणारा अर्थच घ्यावा. मात्र त्यातून काही अब्सर्डिटी किंवा बाकीच्या मजकुराशी विसंगती निर्माण होत असेल तर ती टळेल इतपतच अर्थ बदलावा, त्यापुढे नाही.

हे कसं चालतं ते 1872 सालच्या द्विभार्या प्रकरणात, ‘आर विरुद्ध ॲलन’मध्ये (‘आर’ म्हणजे राजसत्ता, सरकार पक्ष), छान दिसतं. 1861 च्या कायद्याचं 57 वं कलम म्हणत होतं की जो कुणी विवाहित असताना दुसऱ्या कुणाशी विवाह करील तो गुन्हेगार. आता शब्दाला धरून चाला. पहिला विवाह टिकून असताना दुसरा विवाह कायद्याने होऊच शकत नाही. तो होतो तेव्हाच रद्दबातल असतो. म्हणजे आरोपीने ‘विवाह’ केलेलाच नाही. म्हणजे गुन्हा घडलेला नाही. आणि हाच हिशोब प्रत्येक आरोपीला लागू होत असल्यामुळे हा गुन्हा या जगात कुणाच्याही हातून घडणं शक्य नाही. गुन्हा रोखण्यासाठी केलेलं कलम, आणि तो गुन्हा अशक्य ठरवणारा अर्थ! न्यायालयाने ‘विवाह करील’ याचा अर्थ ‘विवाहाचा विधी करील’ असा घेतला आणि प्रश्न सुटला. इथे हसण्यासारखं काही नाही, मूर्ख कुणीच नाही. वाचन निर्दोष आहे, कायद्याचा हेतूही स्वच्छ आहे. दोन्ही एकत्र नांदत नाहीत, एवढंच.

असंच 1964 च्या ‘ॲडलर विरुद्ध जॉर्ज’ खटल्यात झालं. प्रतिबंधित जागेच्या ‘परिसरात’ अडथळा आणणं हा गुन्हा होता. आरोपी हवाई दलाच्या तळाच्या आतच होता, आणि त्याचं म्हणणं होतं की मी परिसरात नव्हतो, मी तर आत होतो. न्यायालयाने ते मानलं नाही. कुंपणाबाहेर गोंधळ घालणारा गुन्हेगार आणि आत शिरून घालणारा निर्दोष, असा अर्थ घेणं अब्सर्ड झालं असतं.

कायद्याचं भाषांतर करताना इथे ‘हास्यास्पद परिणाम’ लिहिलेलं मला आवडत नाही. न्यायाधीश कुणाला हसत नसतात. मी ‘तर्कविसंगत परिणाम’ लिहिते. ‘अनर्थ’ हा शब्द मोह पाडतो, ‘अर्थाचा अनर्थ’ या प्रयोगात तो अर्थ आहेही, पण सुटा वापरला की वाचकाला संकट आठवतं. 1969 च्या व्हिएन्ना कराराच्या 32 व्या कलमात, म्हणजे आंतरराष्ट्रीय तहांचा अर्थ लावण्याच्या नियमांत, ‘मॅनिफेस्टली अब्सर्ड ऑर अनरीझनेबल’ अशी जोडी आली आहे. दोन्ही शब्द शेजारी ठेवलेत, त्यामुळे दोन्हीला एकच मराठी शब्द देऊन चालत नाही. पहिल्याला ‘उघडपणे तर्कविसंगत’ आणि दुसऱ्याला ‘गैरवाजवी’ हे मला योग्य वाटतं.

गणितात हीच युक्ती शाळेपासून भेटते. ‘रिडक्शिओ ॲड अब्सर्डम’ हे नाव भारदस्त वाटतं, पण ती आपली अप्रत्यक्ष सिद्धताच. जे सिद्ध करायचं त्याच्या उलट धरून चालायचं आणि ते गृहीत स्वतःच्याच पायात अडकून पडेपर्यंत पुढे न्यायचं. दोनचं वर्गमूळ परिमेय आहे असं समजू. मग ते अतिसंक्षिप्त रूपातल्या अपूर्णांकाने लिहिता येईल. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की अंशाचा वर्ग छेदाच्या वर्गाच्या दुप्पट येतो, म्हणून अंश सम. अंश सम असेल तर त्याच्या वर्गाला चारने भाग जातो, त्यामुळे छेदाचा वर्ग सम आणि छेदही सम. पण अंश आणि छेद दोघेही सम असतील तर रूप अतिसंक्षिप्त कुठे राहिलं? गृहीतक कोसळलं. म्हणजे दोनचं वर्गमूळ अपरिमेय, अर्थात करणी. ‘सर्ड’ सिद्ध करायला ‘अब्सर्ड’चा आधार घ्यावा लागतो, हे एकाच मुळाच्या दोन शब्दांचं भेटणं मला फार सुंदर वाटतं. आपल्या न्यायशास्त्रात प्रतिपक्षाचं म्हणणं मान्य केल्यास काय नको ते पदरात पडेल हे दाखवण्याला ‘अनिष्टप्रसंग’ म्हणतात. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाची सगळी वादपद्धती अशा ‘प्रसंगां’वर उभी आहे. तेव्हा तर्कशास्त्राच्या लेखनात ‘अनिष्टप्रसंग’ हा तयार शब्द आहे, तो बेधडक वापरावा.

उरलं तत्त्वज्ञान आणि नाटक. इथे विशेषणाचं नाम होतं: ‘दि अब्सर्ड’. फ्रेंच लेखक अल्बेर कामूने 1942 च्या आपल्या निबंधात त्याला नेमकेपणा दिला. नुसती तलवार घेऊन मशीनगनच्या ठाण्यावर चालून जाणारा माणूस हे त्याचं उदाहरण. तलवार अब्सर्ड नाही, मशीनगनही नाही. माणसाचा इरादा आणि त्याच्यापुढची वस्तुस्थिती यांतलं अंतर अब्सर्ड आहे. मग तो हेच संपूर्ण आयुष्याला लावतो. माणसाला जगात अर्थ हवा आहे, जग गप्प आहे. अब्सर्ड माणसात नाही, जगातही नाही, त्या दोघांच्या समोरासमोर येण्यात आहे. म्हणून इथे ‘जीवन मूर्खपणाचं आहे’ किंवा ‘जीवन हास्यास्पद आहे’ असं लिहिणं म्हणजे कामूच्या तोंडी भलतंच घालणं. ‘निरर्थक’ही पुरत नाही, कारण त्याने फक्त जगाची बाजू सांगितली जाते, माणसाच्या ओढीची राहून जाते. मी ‘विसंगती’ लिहिते.

सॅम्युएल बेकेट, यूजीन आयोनेस्को वगैरेंच्या नाटकांना ‘थिएटर ऑफ दि अब्सर्ड’ हे नाव मार्टिन एस्लिन या समीक्षकाने 1961 साली पुस्तकातून रूढ केलं. आपल्या रंगभूमीवरची मंडळी सरळ ‘ॲब्सर्ड नाटक’ म्हणतात, आणि ते रुळलेलं आहे, तिथे नवा शब्द लादू नये. फक्त एक गल्लत टाळावी. उलटंसुलटं काहीही दिसलं की त्याला अब्सर्ड म्हणायची सवय लागली आहे. संतांच्या कूट रचनांनाही कुणी तसं म्हणतं. कूट वरवर अशक्य बोलतं, पण त्याला उकल असते, आणि ती सापडली की सगळं सुसंगत होतं. अब्सर्ड नाटकात अशी किल्ली लपवलेली नसते.

शेवटी रोजच्या मराठीबद्दल, कारण बहुतेकांना तिथेच अडतं. ‘अब्सर्ड प्राइस’ म्हणजे ‘काहीच्या काही किंमत’. ‘अब्सर्डली ईझी’ म्हणजे ‘काहीच्या काही सोपं’. हा ‘काहीच्या काही’ अप्रतिम आहे, कारण त्यातही मापाला सोडून जाण्याचीच कल्पना आहे. कल्पनेला शेंडाबुडखा नसेल तर ‘ऊटपटांग’. बोलण्याचा एक भाग दुसऱ्याशी जुळत नसेल तर ‘असंबद्ध’. माणसाच्या स्वभावाला ‘विक्षिप्त’ म्हणतात खरं, पण ते ‘एक्सेन्ट्रिक’साठी राखून ठेवावं. ‘वाह्यात’ टाळावा, त्यात अब्रूचा प्रश्न मिसळलेला आहे. आणि ‘अतर्क्य’ तर मुळीच नको, कोशात असला तरी. अतर्क्य म्हणजे तर्काच्या पलीकडचं, त्यात आदर आहे, विस्मय आहे. ईश्वरी लीला अतर्क्य असते. अब्सर्ड तर्काच्या पलीकडे गेलेलं नसतं, तर्काच्या दारातच अडलेलं असतं.

अलीकडे इंग्रजीत हा शब्द कौतुकानेही वापरतात. एखाद्या खेळाडूचं कौशल्य ‘जस्ट अब्सर्ड’ आहे, म्हणजे इतकं चांगलं की खरं वाटत नाही. ही अनौपचारिक बोली आहे; मुलाखतीत, समाजमाध्यमांवर चालते, निबंधात किंवा अर्जात नाही. मराठीत तरुण मंडळी ‘अशक्य खेळला’ म्हणतात, तेच इथे शोभतं.